आमची वाटचाल: पाइपच्या मशीनपासून बीबीसी मायक्रोपर्यंत

जळगावच्या एमआयडीसीत आमचा छोटा गाळा आहे. सुरुवात दुरुस्तीपासून झाली. पाइप आणि चटईच्या कारखान्यांतले टेंपरेचर कंट्रोलर, डाळ मिलचे पॅनल, केळीच्या मळ्यांतले ऑटो स्टार्टर. कार्ड जळालं की मालक स्वतःच मोटरसायकलवर घेऊन यायचा, कारण लाइन बंद म्हणजे नुकसान चालू. सर्किटचा कागद कुणाकडेच नसायचा. मग ट्रॅकवर बोट फिरवत, मल्टिमीटरची बीप ऐकत आम्हीच ते वहीत उतरवायचो. अशा अकरा वह्या आजही कपाटात आहेत. आम्ही जे काही शिकलो ते त्या वह्यांत आहे.

जुन्या कॉम्प्युटरकडे वळलो ते एका निवृत्त सरांमुळे. 1984-85 मध्ये केंद्र सरकारच्या 'क्लास' या शाळेत कॉम्प्युटर शिकवायच्या योजनेत देशातल्या निवडक शाळांना बीबीसी मायक्रो मिळाले होते. ब्रिटनच्या अकॉर्न कंपनीचं हे मशीन, 6502 प्रोसेसर, 2 मेगाहर्ट्झ वेग, 32 केबी मेमरी. सरांनी त्यावर मुलांना 'बेसिक' ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवलेली. शाळेने ते भंगारात काढलं तेव्हा त्यांनी घरी आणून ठेवलं, आणि बऱ्याच वर्षांनी चादरीत गुंडाळून आमच्या टेबलावर. चालू केलं, पाच-दहा मिनिटं चाललं, आणि मागून धूर. पॉवर सप्लायमधला मेन्सचा फिल्टर कपॅसिटर फुटला होता. या मशीनचा हा जुनाच आजार. दोन कपॅसिटर बदलले आणि ते ठणठणीत झालं. पडद्यावर मशीन सुरू झाल्याची ओळ आली तेव्हा सरांचे डोळे भरून आले. तो दिवस मी विसरलेलो नाही.

मग सर म्हणाले, "याला बाहेरून मेमरी जोडता येईल का रे भाऊ?" मशीनच्या पोटाखाली 34 पिनांचं कनेक्टर असतं, 1 मेगाहर्ट्झ बस म्हणतात त्याला. बस म्हणजे बाहेरच्या उपकरणांशी बोलायच्या तारांचा जुडगा. त्यावर 5 व्होल्ट येत नाहीत, ते शेजारच्या पॉवर सॉकेटमधून वेगळे घ्यावे लागतात. हे सगळं धरून आम्ही मेमरीचं बोर्ड काढलं. सरांच्या ओळखीतल्या हौशी लोकांनीही मागितलं, म्हणून वीस नग बनवले.

मे महिन्यात तक्रारी सुरू झाल्या. भरलेलं एक, वाचलं तर दुसरंच. पारा 45 च्या वर, पत्र्याखाली भट्टी. मी सगळा दोष उन्हाला दिला. हीट सिंक लावले, पंखा लावला, आयसी बदलून पाहिल्या. पंधरा दिवस त्यातच गेले. शेवटी सरच म्हणाले, "अरे, उन्हाचा दोष असता तर पहाटे तरी नीट चाललं असतं ना?"

त्या रात्री स्कोप, म्हणजे सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र, लावून बसलो. मशीन एकदाच हाक मारत होतं, पण बोर्डाच्या सिलेक्ट पिनवर, म्हणजे 'तुला बोलावलंय' हे जिथे कळतं तिथे, कधी एक पल्स दिसे, कधी दोन. कारण असं. प्रोसेसर 2 मेगाहर्ट्झवर पळतो, बाहेरची बस 1 वर. हळू बसशी बोलायचं तर प्रोसेसरला आपला ठोका लांबवून थांबावं लागतं. हळू घड्याळाचा, म्हणजे बसला ठोके देणारा, सिग्नल वर असताना मध्येच पत्ता (मेमरीतल्या जागेचा नंबर) बदलला की बोर्डाला वाटतं आपल्याला बोलावलं. मग लांबलेल्या ठोक्यात खरी हाक येते. साध्या मेमरीला याने काही बिघडत नाही. पण आमच्या बोर्डावर दर हाकेला पत्ता आपोआप एकाने पुढे सरकायचा. दोन हाका म्हणजे मेमरीतलं एक घर वाया. अकॉर्नने या बसबद्दलच्या आपल्या टिपणात हा धोका आणि त्यावरचा उपाय दोन्ही लिहून ठेवले आहेत. आम्ही ते वाचलं नव्हतं. चूक पूर्णपणे आमची.

नवं बोर्ड कोऱ्या कागदापासून काढलं. सिलेक्ट सिग्नलवर एक लॅच, म्हणजे सिग्नल धरून ठेवणारं सर्किट, टाकला: घड्याळ खाली असताना पत्ता बघायचा, वर गेलं की आहे तसा धरून ठेवायचा. अर्धवट हाक तिथेच अडते. दुसरी सुधारणा आयसींची. पहिल्या खेपेत 74एचसी जातीच्या वापरल्या होत्या. त्यांना 'हाय' समजायला साधारण 3.5 व्होल्ट लागतात, आणि मशीनमधल्या जुन्या, टीटीएल जातीच्या आयसी तेवढ्या व्होल्टची हमी देत नाहीत. म्हणून आता 74एचसीटी जातीच्या घातल्या, त्यांना 2 व्होल्ट पुरतात. पहिलं बोर्ड चाललं ते नशिबाने. प्रत्येक आयसीजवळ 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दिला, खालची बाजू जवळजवळ सगळी ग्राउंडला सोडली.

घरातल्या तरुण मुलांचं म्हणणं होतं, सगळं एका प्रोग्रामेबल चिपमध्ये घाला, बोर्ड निम्मं होईल, मजुरीही वाचेल. हिशेबाने ते बरोबर होतं. तरी मी नाही म्हटलं. आयसी सॉकेटमध्ये, भाग हाताने सोल्डर करता येतील एवढे मोठे, घड्याळ आणि सिलेक्ट तपासायला वेगळे टेस्ट पॉइंट, आणि प्रत्येक पाकिटात सर्किटची पूर्ण प्रत. कागद नसलेली कार्डं उघडण्यात आमची उमेदीची वर्षं गेली. आमच्या बोर्डावर कुणाला तसं बोट फिरवत बसावं लागू नये.

पहिलं नवं बोर्ड सरांच्या मशीनला लावलं आणि 1 ते 255 आकडे भरून परत वाचणारा प्रोग्राम भर दुपारी, पंखा बंद ठेवून, सहा तास चालवला. एकही आकडा गळला नाही. संध्याकाळी गाळ्यावरच शेवभाजी आणि कळण्याची भाकरी झाली.

जुन्या वीसपैकी सतरा बोर्डं परत आली, सगळ्यांना बदलून दिली, पैसे घेतले नाहीत. तीन अजून कुणाकडे तरी आहेत. त्यांच्यावर सिलेक्टजवळ लॅच नाही आणि कोपऱ्यात पांढऱ्या शाईत '1' छापलेलं आहे. ती पाठवावीत, नवं बोर्ड बांधून तयार ठेवलंय.