रिलीव्हर

१२ नोव्हेंबर, रत्नागिरी

संध्याकाळी पावणेसातला लेकीला घेऊन गच्चीवर गेले. अंतराळ स्थानक समुद्राच्या बाजूने वर आलं, डोक्यावरून सरकलं आणि पूर्वेला जाता जाता एकाएकी विझलं. पृथ्वीच्या सावलीत शिरलं की असंच होतं. सगळं मिळून चार-पाच मिनिटं. "आत्ता आत माणसं आहेत?" आहेत म्हटलं. २००० सालच्या नोव्हेंबरपासून ते एक दिवसही रिकामं राहिलेलं नाही. "मग ती घरी कधी जाणार?"

हा प्रश्न आमच्या घरात नेहमीचाच. ह्यांचं बोटीवरचं कॉन्ट्रॅक्ट सहा महिन्यांचं, आता आठवा महिना चालू आहे. काल फोन आला, याही बंदरात रिलीव्हर, म्हणजे ह्यांच्या जागी येणारा बदली माणूस, चढला नाही. मी "बरं" म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

तेव्हापासून अमेरिकन अंतराळवीर फ्रँक रुबिओ मनातून जात नाही. डॉक्टर, सैन्यात हेलिकॉप्टर चालवलेला, चार मुलांचा बाप. २१ सप्टेंबर २०२२ ला दोन रशियन सहकाऱ्यांबरोबर सोयुझ या रशियन यानातून ह्याच स्थानकावर गेला, सहा महिन्यांच्या बोलीवर. डिसेंबरात स्थानकाला जोडलेल्या त्याच सोयुझमधलं थंडाव्याचं द्रव्य बाहेर उडू लागलं. बारीक उल्काकणाने भोक पाडलं, असं रशियन तज्ज्ञांनी सांगितलं. तशा यानातून तिघं उतरले असते, तर आतली उष्णता धोक्याची ठरली असती. म्हणून फेब्रुवारीत दुसरी सोयुझ पाठवली, पण रिकामी. तिच्यातून जायची ती बदलीची माणसं खालीच राहिली, कारण त्या तीन जागा आता ह्या तिघांना परतायला हव्या होत्या. यान आलं, रिलीव्हर आला नाही! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रडू आलं होतं. पुढच्या तुकडीचं कामही मग ह्या तिघांनीच ओढलं. २७ सप्टेंबर २०२३ ला रुबिओ कझाकस्तानात उतरला, ३७१ दिवसांनी.

एका दमात इतके दिवस कुणी अमेरिकन राहिला नव्हता, म्हणून लोक विक्रम म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. वर्षभराचं आधीच विचारलं असतं, तर घरच्यांसाठी बहुधा नकार दिला असता, असं त्याने स्वतःच सांगितलंय. एवढं खरं बोलणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसतो. आणि तरीही रोज दोन तास व्यायाम, हाडं झिजू नयेत म्हणून. तिथे उगवलेला एक छोटा टोमॅटो त्याच्या हातून तरंगत हरवला, तर तो शोधण्यात त्याने कित्येक तास घातले. सापडला, पण रुबिओ घरी परतल्यावर. मुदत वाढत असतानाही एका टोमॅटोसाठी जीव टाकणारं मन मला फार मोठं वाटतं.

भिंतीवरच्या कालनिर्णयात ह्यांची तारीख तीनदा खोडलेली आहे. आज चौथी लिहिली नाही. स्थानक परवा पुन्हा दिसेल, ती वेळ लिहिली. ह्यांच्या बोटीवरून ते कधी दिसेल, ते लेक आत बसून शोधते आहे.