फोन वाजतोय, पण कुठं?

परवा सकाळी शाळेला निघायच्या गडबडीत माझा फोन सापडेना. पोरीला म्हटलं, एक रिंग दे गं. तिनं दिली, फोन वाजायला लागला, मला चांगला ऐकू येतोय, आणि मी आधी बेडरूममध्ये, मग बाथरूमबाहेरच्या कपाटात, मग थेट गच्चीच्या जिन्यापर्यंत जाऊन आले. फोन होता ओट्यावर, चपातीच्या डब्याला टेकून, म्हणजे मी शोधायला सुरुवात केली तिथनं दोन हातांवर. सासूबाई देवपूजा करता करता म्हणाल्या, "अगं आवाज तिथनंच येतोय की!" येतोय ओ आई, पण मला तो 'तिथनं' येत नाही, मला तो नुसताच येतो.

डावा कान जाऊन वर्ष होत आलं आता, आणि एवढी एक गोष्ट मला कुणाला नीट सांगता आलेली नाही, म्हणून लिहून टाकते.

माझ्या डाव्या कानाकडनं मेंदूकडं जाणाऱ्या नसेवर गाठ होती. अकॉस्टिक न्यूरोमा. कॅन्सर नव्हता, हे आधीच सांगते, कारण गाठ म्हटलं की निम्मी गल्ली डोळे पुसत दारात येते. ही आठव्या नंबरची नस, तिचा एक भाग ऐकायचा आणि एक तोल सांभाळायचा. गाठ येते ती बहुतेक तोलाच्या नसेच्या आवरणातनं, पण दोघी जातात एकाच अरुंद बोगद्यातनं, त्यामुळं चेंगरते ती ऐकायची. वर्षाला साधारण लाखात एकाला होतं म्हणे. हे म्हणाले, "लाखात एक आहेस हे मी लग्नातच सांगितलं होतं." मी त्या दिवशी हसले, नंतर रिक्षात बसून रडले.

खरं तर त्याच्या आधी दोन वर्षं डाव्या कानाला फोन लावला की समोरचा तोंडात सुपारी धरून बोलतोय असं वाटायचं. एका डॉक्टरनी मळ काढला, दुसऱ्यांनी थेंब दिले, तिसरे म्हणाले वयानं होतं, आणि मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांची! शेवटी ऑडिओमेट्रीच्या, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या, कागदावर उजव्या कानाची रेघ सरळ आणि डाव्याची जोतिबाच्या पायऱ्यांसारखी खाली उतरलेली बघून एक तरुण डॉक्टरीण म्हणाली, एकाच कानाचं असं का, एमआरआय करू. एकाच कानाचं ऐकणं कमी झालं असेल तर एवढं करून घ्या, बाकी काही वाचलं नाही तरी चालेल.

गाठ २.८ सेंटीमीटर, ब्रेनस्टेमला, म्हणजे मेंदूच्या देठाला, टेकलेली. लहान असती तर नुसतं दर वर्षी स्कॅन करत थांबता आलं असतं, किंवा गॅमा नाइफचं रेडिएशन. माझ्या बाबतीत ऑपरेशनच ठरलं, आणि कानामागनं आतल्या कानातनं जायचं म्हणजे डावा कान कायमचा जाणार हे त्यांनी कागदावर काढून दाखवलं. तसाही त्यात फारसं काही उरलं नव्हतं. आठ तास चाललं. भोक बुजवायला पोटावरची चरबी काढून तिथं भरतात, हे कळल्यावर आत्या म्हणाल्या, "मग जास्तीच काढायची की, कोण नको म्हणालं असतं!"

पुढचे पंधरा दिवस मात्र हसण्यासारखे नव्हते. डोळे उघडले की छत फिरायचं, मिटले की मी फिरायची. तोलाची नसच एका बाजूनं कापलेली, त्यामुळं मेंदूला वाटत राहतं की आपण गरागरा फिरतोय. वर चेहऱ्याची नस, सातव्या नंबरची, अगदी गाठीला चिकटून होती, ती वाचवली पण दुखावली. डावी पापणी मिटेना. दिवसभर थेंब, रात्री मलम घालून पापणीवर चिकटपट्टी. चूळ भरली की पाणी डाव्या कोपऱ्यातनं गळायचं. घरी आल्यावर माहेरनं डब्यातनं पांढरा रस्सा आला, तो मी भिंतीकडं तोंड करून प्यायले, हनुवटीला नॅपकिन लावून, पण सोडला नाही. पाचव्या महिन्यात चेहरा बराचसा जागेवर आला, फोटोत मलाच कळतं, दुसऱ्याला नाही.

तोल हळूहळू येतो. फिजिओथेरपिस्टनं अंगठा डोळ्यासमोर धरून नजर त्याच्यावर ठेवून मान डावी-उजवी हलवायला लावली, रोज तीनदा, उलटी येईपर्यंत. उरलेल्या एका बाजूवर भागवायला मेंदू असाच शिकतो. चालायला हे रंकाळ्यावर न्यायचे. उजेडात मी बरी चालायची, पण एकदा परत फिरायला उशीर झाला, अंधार पडला, आणि मला पाय कुठं टाकतोय तेच कळेना, कारण तोवर सगळा कारभार डोळ्यांवर चालला होता. अजूनही डोक्यावरनं पाणी घेताना डोळे मिटले की एक हात नळावर लागतो.

आता ऐकण्याचं. सगळे हिशोब करतात, दोनातला एक गेला म्हणजे निम्मं ऐकू येत असणार. मी गणित शिकवते, पण हे गणित असं नाही. शांत खोलीत उजव्या बाजूला बसून बोला, मला सगळं येतं. पण आवाज एका कानाला आधी आणि दुसऱ्याला सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरकानं पोचतो, त्या फरकावरनं मेंदू दिशा काढतो, आणि माझ्याकडं दुसरं उत्तरच नाही तर वजाबाकी करायची कशातनं? डावीकडनं कोण हळू बोललं तर माझंच डोकं मधे येतं, त्यातही स, त, फ असली बारीक अक्षरं अडतात. लग्नाच्या हॉलमध्ये भांडी, सनई, पोरं, सगळं एकाच ढिगात. त्यामुळं मी पंगतीत डावं टोक पकडते, रिक्षात डावा कोपरा, आणि रस्त्यानं डाव्या कडेनं चालते, म्हणजे मागनं येणाऱ्या गाड्या चांगल्या कानाकडं. क्रॉस नावाचं कानाचं मशीन पंधरा दिवस लावून बघितलं, डावीकडचा आवाज उजव्या कानात आणून टाकतं, स्टाफरूममध्ये बरं वाटलं, पण दिशा काय देत नाही, आणि महाद्वार रोडच्या गर्दीत तर नको नको झालं. परत केलं. कुणाला उपयोगी पडत असेल, मला नाही.

दिव्यांगांच्या सरकारी दाखल्याचं पण कुणीतरी सुचवलं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात बहिरेपणाची व्याख्याच दोन्ही कानांची आहे, मग विषय संपला.

आणि गेलेला कान गप्प असतो असं समजू नका. बाहेरचं काही येत नाही, पण आत दिवसरात्र कुकरची शिट्टी सुटायच्या आधीची फुसफुस चालू. फायदा एकच, उजवा कान उशीत दाबून झोपलं की गणपतीतला डीजेसुद्धा लांब जातो.

घरात एक नवीन त्रास झालाय. पोरगी दारातनं ओरडते, "आई, मी आलो!" (आमच्याकडं पोरी पण आलो-गेलोच म्हणतात) आणि मी गॅलरीत बघते. आता तिनं स्वतःच सवय लावून घेतलीय, "आई, मी आलो, दारातनं, डावीकडं."

शाळेत मात्र मला खरी भीती होती. आधी मी फळ्याकडं तोंड करून "तिसऱ्या रांगेतला, पुरे" म्हणायची, पोरं म्हणायची मॅडमना पाठीला कान आहेत. पहिल्याच दिवशी वर्गाला सरळ सांगून टाकलं. मागनं एकानं अगदी काळजीनं विचारलं, "म्हंजे मॅडम, आता कोण बोलतंय ते कळणार नाही?" सगळ्या वर्गाच्या चेहऱ्यावर दिवाळी.

पहिला महिना त्यांनी मजा केली. मांजर, कुत्रं, सगळं ओरडून झालं, आणि मी दर वेळी भलत्याच पोराकडं बघायची. मग लक्षात आलं, आवाज झाला की सगळी पोरं गालात हसत एकाच बाकाकडं बघतात. आता मी वळते, आवाज शोधतच नाही, पहिल्या बाकावरच्या पोरींचे डोळे कुठं गेलेत तेवढं बघते आणि म्हणते, "खिडकीजवळचा, उभा राहा."

परवा उभा राहिलेला म्हणाला, "मॅडम, दुसरा कान आला काय?" मी काही बोलले नाही.