दुधाच्या पिशवीचा कोपरा कापू नका, नुसता चिरा

विजापूर रोड असो, होटगी रोड असो की जुळे सोलापुरातली एखादी आतली गल्ली, रस्त्याकडेला कचरा उचलायला लागलं की मोठ्या वस्तूंपेक्षा बारीकसारीक वस्तूच जास्त छळतात. त्यात पहिला नंबर दुधाच्या पिशवीच्या कापलेल्या कोपऱ्याचा. नखाएवढा तिकोनी तुकडा. चिमट्यात धरता येत नाही, झाडूला लागत नाही, मातीत रुतून बसतो. अख्खी पिशवी भंगारवाला घेतो, हा तुकडा कुणीच घेत नाही. म्हणून घरी पिशवी फोडताना कोपरा पूर्ण उडवू नका. कात्रीने सेंटीमीटरभर चीर द्या आणि तुकडा पिशवीलाच लोंबता ठेवा. दूध तसंही व्यवस्थित येतं. पिशवी रिकामी झाली की त्यात अर्धी वाटी पाणी घालून हलवा, ते पाणी चहाच्या आधणात किंवा कणीक मळायला वापरा. मग पिशवी उभी चिरून सपाट करा आणि चिमटा लावून दोरीवर वाळवा. ओलसर पिशवी इतरांवर रचली की दोन दिवसांत सगळा गठ्ठा आंबूस वास मारतो आणि भंगारवाला हात लावत नाही.

रस्त्यावर काय पडलंय ते नीट पाहिलं की घरात काय बदलायचं ते बरोबर कळतं. म्हणून दोन्ही कामं इथे एकत्रच घेतली आहेत.

उचलण्याचा हंगाम फेब्रुवारी ते जूनचा पहिला आठवडा. पावसाळ्यात प्लास्टिक चिखलाने जड होतं, गवतात दिसत नाही आणि गवतात हात घालणं धोक्याचं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा सकाळी सहाला सुरू करून साडेसातला थांबा. दीड तास पुरेसा आहे. पहिल्या पावसाआधी मात्र बाकी सगळं सोडून गटाराच्या जाळ्या धरा. जाळीवर साचलेल्या पिशव्या आणि पाला काढला नाही तर पहिल्याच वळिवाला ते पाणी रस्त्यावर येतं.

साहित्य घरचंच. ५० किलोचं धान्याचं रिकामं पोतं घ्या. सोलापूरचा वारा पोत्याचं तोंड उघडं राहू देत नाही, म्हणून तळ फुटलेली जुनी बादली तोंडात बसवून वरून सुतळीने आवळा. पोतं उभं राहतं आणि एका हाताने काम होतं. दोन तृतीयांशाच्या वर भरू नका, नाहीतर उचलताना शिवण उसवते. हे विणलेलं प्लास्टिकचं पोतं गच्चीवर उन्हात टाकून ठेवलं तर काही महिन्यांत ठिसूळ होऊन त्याच्या दशा सुटतात आणि त्या दशा म्हणजे नवा कचरा. सावलीत ठेवा.

काठी साडेतीन फुटांची, टोकाला अडीच इंची खिळा. खिळ्याचं डोकं कापून ते टोक काठीत बसवायचं आणि अणकुचीदार बाजू इंचभर बाहेर ठेवायची. सरळ ठोकलात तर काठी चिरते. आधी बारीक ड्रिलने भोक पाडा आणि टोकाला तारेचे चार-पाच वेढे घाला. इंचापेक्षा जास्त बाहेर राहिला तर मुरमाड जमिनीवर खिळा वाकतो. ही काठी पिशव्या, कागद, वेष्टनं यांच्यासाठी. बाटल्यांना लांब चिमटा. फुटक्या काचेला पोतं नाहीच, ती रंगाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात. दारूची क्वार्टर फुटलेली असते तेव्हा तिचा तळ मातीत उभा रुतलेला असतो, तो ओढण्याआधी काठीने बाजूने सैल करा.

हातात जाड रबरी मोजे, पायात बूट. वाहनं समोरून येताना दिसतील अशा बाजूने चाला. वेड्या बाभळीच्या बुंध्याशी पिशव्यांचा ढीग वाऱ्याने जमतो. त्यात थेट हात घालू नका. आधी काठीने उलटा, दोन क्षण थांबा, मग उचला. आपल्या भागात दगड-कचऱ्याखाली विंचू असतोच. पिवळसर पाणी भरलेल्या बंद बाटल्यांचं बूच उघडू नका. इंजेक्शनची सुई दिसली तर जाड, झाकण असलेल्या बाटलीत चिमट्याने टाका, बूच घट्ट लावा आणि घंटागाडीच्या माणसाच्या हातात सांगून द्या. नुसती कचऱ्यात टाकली तर ती त्याच्याच बोटात जाते.

वेगळं करणं तिथेच, उचलतानाच झालं पाहिजे. घरी आणून पुन्हा निवडायचा उत्साह कुणाला राहत नाही. दोन पोती न्या: एक भंगारात जाणारं, एक न जाणारं. पाण्याच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या, पुठ्ठा, पत्रा पहिल्यात. बाटलीचं बूच काढून, पाणी ओतून, दाबून चपटी करा. बूच लावलेली बाटली हवेने फुगलेली राहते आणि चार बाटल्यांत पोतं भरतं. कुरकुऱ्यांची, बिस्किटांची चकचकीत वेष्टनं आणि गुटख्याच्या पुड्या दुसऱ्यात. त्यात प्लास्टिकचे वेगवेगळे थर, काहींत धातूचाही मुलामा, एकमेकांना चिकटवलेले असतात; ते सुटे करता येत नाहीत म्हणून भंगारात त्यांना भाव नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि तरी या पुड्या टपरीभोवती गालिचा घातल्यासारख्या पडलेल्या असतात, याची मनापासून चीड येते. चहाचे कागदी कपही दुसऱ्याच पोत्यात. आतून त्यांना प्लास्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे ते कागदाच्या रद्दीत चालत नाहीत. आणि जमवलेल्या ढिगाला कृपा करून काडी लावू नका. त्या धुराचा त्रास शेजारच्या लेकराबाळांनाच होतो.

आता घराकडे. कॅरीबॅगवर राज्यात २०१८ मध्ये बंदी आली. देशभरात ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवी चालत नाही. तरी भाजी मंडईतून पातळ पिशव्या येतात, कारण आपण रिकाम्या हाताने जातो. प्रत्येक सोलापुरी घरात एखादी तरी विरलेली चादर माळ्यावर असते. साधारण ६० बाय ९० इंचाच्या चादरीतून सहा पिशव्या निघतात, मधोमध विरली असेल तर चार.

एका पिशवीला १६ बाय ३८ इंचाचा तुकडा आणि बंदासाठी ४ बाय २४ इंचाच्या दोन पट्ट्या. खरी अडचण कापतानाच येते. चादरीचं विणकाम जाड धाग्याचं, कात्री लागली की कडेचे धागे भराभर सुटतात. म्हणून खडूने रेघ आखल्यावर तिच्या दोन्ही बाजूंना पाव-पाव इंचावर आधी मशीन मारा आणि मग मधून कापा. तुकडा दुमडून, सुलट बाजू बाहेर ठेवून दोन्ही कडा पाव इंचावर शिवा. पिशवी उलटी करून पुन्हा अर्ध्या इंचावर शिवा, म्हणजे कच्च्या कडा आत बंद होतात. तोंडाला दीड इंच दुमड. बंदाची पट्टी चार पदरी दुमडून इंचभर रुंद करा, कडेपासून साडेतीन इंच आत ठेवा आणि चौकोन मारून त्यात फुली मारा. नुसती एक आडवी शिवण मारलेला बंद पाच किलो ज्वारीला उसवतो. सुई १८ नंबरची, टाका मोठा, दोरा पॉलिस्टरचा. बारीक सुई दुमडीवर हमखास तुटते. तयार पिशवी स्वयंपाकघराच्या खुंटीला नको, गाडीच्या डिकीत ठेवा. खुंटीवरची पिशवी नेमकी मंडईत आठवते.

शेंगा चटणी, फरसाण घ्यायला जाताना डबा न्या आणि दुकानदाराला काट्यावर रिकामा डबा ठेवून शून्य करायला सांगा. बहुतेक दुकानदार आनंदाने करतात.

टॉवेल पाणी टिपेनासा झाला तर लगेच फेकू नका. कपडे मऊ करणारं लिक्विड वापरत असाल तर त्याचा थर धाग्यांवर बसलेला असतो. ते बंद करा आणि दोनदा गरम पाण्याने धुवा. खरोखर जीर्ण झाला असेल तर चार तुकडे, कडा दुमडून शिवलेले: दोन ओट्याला, दोन फरशीला.

पाण्याचं मात्र सविस्तर सांगायला हवं. नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे घरोघरी ड्रम भरलेले असतात आणि डेंग्यूचा डास याच स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो. अंडी पाण्यात तरंगत नाहीत, पाण्याच्या रेषेच्या जरा वर ड्रमच्या भिंतीला काळ्या बारीक ठिपक्यांसारखी चिकटतात. ड्रम कोरडा पडला तरी ती कित्येक महिने जिवंत राहतात, म्हणून नुसतं पाणी ओतून देण्याचा उपयोग नाही. पाणी येण्याच्या आदल्या दिवशी ड्रम तळाला आलेला असतो, तोच मुहूर्त. तळचं पाणी बादलीत काढा, नारळाच्या काथ्याने आतली भिंत वरपासून खालपर्यंत खसखसून घासा आणि ते धुवण झाडांना किंवा तापलेल्या मातीवर ओता, गटारात नको. आठवड्यातून एकदा हे झालंच पाहिजे, कारण उन्हाळ्यात अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. झाकायला चादरीचा तुकडा वापरू नका; जाड कापड ओलं राहून बुरसतं. जुन्या धोतराचा किंवा सुती साडीचा तीन फूट चौरस तुकडा दुहेरी करून घाला आणि वरून सायकलची जुनी ट्यूब कापून आवळून बांधा. ड्रम काठोकाठ भरू नका, चार बोटं कमी ठेवा, नाहीतर कापड पाण्याला टेकतं आणि डास त्या ओल्या कापडावरच बसतो.

बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग नळावर बसतात. पिळलेल्या लिंबाच्या साली जपून ठेवा, साल नळावर घासून दहा मिनिटांनी धुवा. पण ते पाणी शहाबादी फरशीवर ओघळू देऊ नका. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, आंबट लागलं की त्याची झिलई जाऊन खरबरीत पांढुरका डाग पडतो आणि तो पुसून निघत नाही. संडासाचं अ‍ॅसिड तर त्या फरशीच्या जवळही नेऊ नका. खाली जुना टॉवेल अंथरा, मग नळ घासा.