नोटिशीचा तास

परळच्या एका रात्रशाळेत मी दहावीला इंग्रजी शिकवते. दिवसा या इमारतीत लहान मुलांची शाळा भरते. संध्याकाळी साडेसहाला आमचे विद्यार्थी येतात आणि मुलांच्या मापाच्या बाकांवर गुडघे आडवे करून बसतात. कुरिअरवाला, उडपी हॉटेलात भांड्यांवर असलेला, चार घरची कामं उरकून येणाऱ्या मावशी, कपड्यांच्या दुकानात उभ्याने दिवस काढणारी मुलगी, लोअर परळच्या काचेच्या इमारतीत हाऊसकीपिंग करणारा पोरगा. एके काळी या भागातल्या रात्रशाळांत गिरणीतले कामगार यायचे, गावाहून आलेली आणि खानावळीत जेवणारी पोरं यायची. 1982 चा संप झाला, पुढे गिरण्या बंद पडत गेल्या, त्यांच्या जागेवर टॉवर आले. त्या टॉवरमध्ये लाद्या पुसणारी पोरं आता आमच्या बाकांवर आहेत. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1855 साली पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. ज्यांचा दिवस दुसऱ्याच्या कामाला जातो त्यांना शिकायला रात्रच उरते, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे.

बोर्डाचा पेपर मात्र सगळ्यांना तोच. ऐंशी गुण लेखी, वीस अंतर्गत. दिवसाच्या शाळेतल्या मुलांना जो उतारा, जे पत्र, जे व्याकरण, तेच आमच्या मावशींनाही. मावशींच्या लहानपणी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं (पहिलीपासून ते 2000 साली आलं) आणि आठवीत त्यांची शाळा सुटली. म्हणजे तीन-चार वर्षांची ओळख, त्यावर पंचवीसेक वर्षांची धूळ. तरी वहीला कव्हर घालून त्या पहिल्या बाकावर बसतात.

दिवाळी झाली होती, सराव परीक्षा जवळ येत होती. त्या दिवशी औपचारिक पत्र घ्यायचं असं मी ठरवलं होतं. पाठ्यपुस्तकी विषय फळ्यावर लिहिला: परिसरातल्या अस्वच्छतेबद्दल पालिकेला तक्रार. पत्ता कुठे, तारीख कुठे, विषय कुठे हे सांगत होते, तेवढ्यात हाऊसकीपिंगवाला पोरगा उठून टेबलापाशी आला. एरवी तो वर्गात तोंड उघडत नाही. घडी पडलेला एक कागद पुढे केला आणि म्हणाला, "मॅडम, हे पण लेटरच आहे. उद्यापर्यंत उत्तर द्यायचंय. सुपरवायझर म्हणतो, खाली सॉरी लिही आणि सही करून टाक."

ती शो-कॉज नोटीस होती. कंत्राटदाराच्या लेटरहेडवर, आठ-दहा ओळींची. अमुक तारखेला दुपारी एक ते दोन या वेळात तू नेमून दिलेल्या मजल्यावर नव्हतास, न कळवता गैरहजर होतास, अठ्ठेचाळीस तासांत लेखी खुलासा दे, नाहीतर कारवाई होईल. पोराला ‘अॅब्सेंट’ आणि ‘अॅक्शन’ एवढेच दोन शब्द कळले होते आणि त्या दोन शब्दांनीच त्याची झोप उडाली होती.

कागद वर्गासमोर वाचायचा का, असं मी त्याला हळूच विचारलं. तो म्हणाला, "वाचा ना. इथे कोण परकं आहे?"

नावं झाकून नोटीस जशीच्या तशी फळ्यावर उतरवली. पहिलं वाक्य होतं: ‘इट हॅज बीन ऑब्झर्व्हड दॅट यू वेअर अॅब्सेंट फ्रॉम युअर प्लेस ऑफ ड्यूटी.’ कर्मणी प्रयोग त्याआधीच्या आठवड्यात झाला होता. कर्ता मागे टाका, ‘बाय’ लावा, क्रियापदाचं तिसरं रूप घ्या. वाक्यं बरोबर फिरवली होती सगळ्यांनी, पण असं बोलायची कुणाला गरज काय पडते, हे कुणालाच उमगलं नव्हतं. मी विचारलं, "यातला ‘बाय’ शोधा. ऑब्झर्व्ह कुणी केलं?"

सगळे फळ्याकडे बघत राहिले. कुरिअरवाला म्हणाला, "नाहीचे. नाव टाकलंच नाही."

"पुढच्या वाक्यात?"

‘यू आर हिअरबाय डायरेक्टेड.’ आदेश कोण देतं? नाही. ‘अॅक्शन विल बी टेकन.’ कारवाई कोण करणार? तेही नाही. एवढ्या मोठ्या नोटिशीत माणूस म्हणून एकटा हा पोरगाच होता. बाकी सगळं आपोआप घडत होतं. कर्ता माहीत नसतो तेव्हा कर्मणी प्रयोग येतो, कर्ता महत्त्वाचा नसतो तेव्हा येतो, आणि कर्त्याला समोर यायचं नसतं तेव्हाही येतो, असं मी सांगितलं. हा तिसरा मुद्दा त्या संध्याकाळी कुणाला समजावून द्यावा लागला नाही.

मग मी त्याला विचारलं, "तू होतास कुठे?"

तो बेसमेंटला होता. पिण्याच्या पाण्याचे जार घेऊन टेम्पो आला होता, आणि सुपरवायझरनेच त्याला खाली बोलावलं होतं. तोंडी नाही, व्हॉट्सअॅपवर. मेसेज फोनमध्ये होता, वेळेसकट. जार उतरवून घेतल्याची सही गेटवरच्या रजिस्टरात होती. एवढं सगळं हाताशी असून हा ‘सॉरी’ लिहायला निघाला होता, कारण साहेबाच्या इंग्रजी कागदाला दुसरं काही उत्तर असू शकतं, हे त्याला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

मी वकील नाही, हे त्याला आधीच सांगितलं. हे उत्तर द्यायच्या आधी कामगारांचं बघणाऱ्या एखाद्या माहीतगाराला दाखव, असंही म्हटलं. पण जे घडलं ते चार साध्या वाक्यांत लिहिणं हे माझं काम आहे, आणि ते मी त्याला शिकवू शकत होते.

पहिल्याच ओळीवर वर्गात वाद पेटला. हॉटेलवाला म्हणाला, सुरुवात माफीने करावी, साहेब लोक खूश होतात. दुकानातली मुलगी म्हणाली, नोकरी महत्त्वाची, सॉरी लिहायला काय पैसे पडतात? तेव्हा मावशी मागे वळल्या. "पडतात," म्हणाल्या. "न केलेल्या चुकीची माफी लेखी दिली की ती चूक आपली होते. मी एका घरी दिली होती. वाटी त्यांच्याच कपाटात सापडली, पण माझा कागद तसाच राहिला." वर्ग गप्प झाला. मग हॉटेलवाल्यानेच सांगितलं, माफी नको, थेट लिहू.

पुढचा दीड तास त्या वर्गाने जे इंग्रजी लिहिलं, तसं मी निबंधाच्या वह्यांत कधी पाहिलं नव्हतं. प्रत्येक वाक्य कुणीतरी म्हणायचं, कुणीतरी अडवायचं. ‘इन ड्यूटी’ की ‘ऑन ड्यूटी’? ‘आय वॉज वर्किंग’ म्हणायचं की ‘आय वर्क्ड’? त्या वेळेला काम चालूच होतं ना, मग ‘वॉज वर्किंग’. चालू भूतकाळाचा तक्ता मी महिनाभर भिंतीवर लावून ठेवला होता. त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी उठून, गरज पडली म्हणून, तो बघायला गेलं. शेवटी फळ्यावर हे उरलं: ‘आय वॉज ऑन ड्यूटी. अॅट 1.10 पी. एम. माय सुपरवायझर टोल्ड मी टू कम टू द बेसमेंट. आय वॉज रिसीव्हिंग वॉटर जार्स. द गेट रजिस्टर शोज माय सिग्नेचर. आय अॅम अटॅचिंग अ कॉपी ऑफ द मेसेज.’

कुरिअरवाल्याने कामाची गोष्ट सांगितली. "दोन कॉपी काढ. एक दे, दुसरीवर रिसीव्ह्डचा शिक्का आणि सही घे. पोच नसेल तर डिलिव्हरी झालीच नाही असं समज." हे त्याच्या धंद्यातलं ज्ञान. माझ्याकडून राहून गेलं असतं.

सगळं झालं असं वाटलं, तेव्हा मावशींनी हात वर केला. "मॅडम, त्यांनाही एक विचारू दे ना. पाहिलं कुणी?"

त्यांनी ते वाक्य स्वतः उठून, खडू हातात घेऊन लिहिलं. स्पेलिंगं दोन चुकली, ती शेजारणीने सांगितली. ‘काइंडली टेल मी बाय हूम धिस वॉज ऑब्झर्व्हड.’ पुस्तकात ‘बाय हूम’ची उदाहरणं रेडिओचा शोध कुणी लावला, पत्र कुणी लिहिलं, अशी असतात. मावशींचं वाक्य त्या सगळ्यांपेक्षा सरस आहे, असं मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते.

पोराने पत्र स्वतःच्या अक्षरात दोनदा उतरवलं. दुसऱ्या दिवशी शिक्क्याची प्रत दाखवायला आणली आणि ती सगळ्या बाकांवरून फिरली. नोटिशीचं पुढे काय झालं, ते कंपनीने लेखी कधीच कळवलं नाही. सुपरवायझर तोंडी एवढंच म्हणाला की विषय मिटला. मग महिन्याभराने पोराची बदली अंधेरीच्या साइटवर झाली. आता तो सव्वासातला पोहोचतो, पण येतो. न्याय झाला असं मी म्हणणार नाही. नोकरी राहिली, आणि त्याच्या नावावर खोटी माफी चढली नाही.

आमच्या विषयशिक्षकांच्या बैठकीत मी हा तास सांगितला तेव्हा एक नवी शिक्षिका म्हणाली, "छान आहे, पण पोर्शनचं काय? निकाल खाली गेला की जाब आपल्यालाच विचारतात." तिची काळजी खरी आहे. मीही त्या काळजीत जगते. दहावीत अडकून पडलेली किती माणसं इंग्रजीपाशी अडकली आहेत, हे रोज डोळ्यांसमोर असतं. पण त्या एका संध्याकाळी औपचारिक पत्र झालं, कर्मणी प्रयोग झाला, चालू भूतकाळ झाला, सांगितलेलं वाक्य ‘टोल्ड मी टू’ने कसं लिहायचं तेही झालं. हे सगळं अभ्यासक्रमातलंच आहे. सराव परीक्षेत पत्राचा प्रश्न त्या वर्गातल्या एकानेही कोरा सोडला नाही. मी तिला म्हटलं, तुझ्या वर्गातल्या प्रत्येकाच्या खिशात, फोनमध्ये, घराच्या दारावर इंग्रजी आहे: पगाराची स्लिप, बँकेचा मेसेज, औषधाची चिठ्ठी. ते आणायला सांग. तू एकटीने रोज नवं काही घडवायची गरज नाही, आणि थकलेल्या माणसांसमोर उभं राहून आपलं शिकवणं वाया जातंय असं तर मुळीच समजू नकोस. ती माणसं दिवसभर त्याच भाषेचा धाक सोसून तुझ्यापर्यंत आलेली असतात.

पुढच्या आठवड्यात मावशींनी मोबाइल पुढे केला. त्या काम करतात त्या सोसायटीच्या लिफ्टजवळच्या पाटीचा फोटो होता: घरकाम करणाऱ्यांनी मागची लिफ्ट वापरावी. "मॅडम, ‘आर रिक्वेस्टेड’ लिहिलंय. रिक्वेस्ट कुणी केली ते यातही नाही." अभ्यासक्रमात ‘व्ह्यू-काउंटरव्ह्यू’ असा एक लेखनप्रकार आहे, एक मत दिलेलं असतं, विरुद्ध मत आपण मांडायचं. त्या दिवशी मी वेगळा विषय दिला नाही. पाटीवरचं मत फळ्याच्या डाव्या बाजूला लिहिलं आणि उजवी बाजू वर्गाला दिली.