पट्टी पखवाजाला विचारून ठरवा

भाद्रपदात चाकरमानी गावी उतरले की कुडाळपासून देवगडपर्यंत वाडीवाडीतल्या भजनांत एक फर्माईश ठरलेली. "बुवा, ती जुनी भैरवी होवंदे!" तिशीत काळी चारमध्ये (पेटीची चौथी काळी पट्टी 'सा' धरून), तार पंचमाला म्हणजे वरच्या सप्तकातल्या 'प'ला हात लावून खणखणीत गायलेला तो अभंग सत्तरीत त्याच पट्टीत धरला की दुसऱ्या कडव्याला बुवांचा घसा धरतो आणि मागे ओळ उचलणारे झीलकरी नुसतेच तोंड हलवतात. वरचो सा आता लागणा नाय, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पट्टी उतरवायची कुठवर, एवढाच प्रश्न, आणि तिथेच घोटाळा होतो.

मूळ पट्टी शोधायला जुनी कॅसेट काढणार असाल तर तिच्यावर लगेच विश्वास टाकू नका. सप्ताहात रात्रभर सेलवर चाललेला टेपरेकॉर्डर पहाटेकडे मंदावतो. मंद गतीने भरलेली फीत पूर्ण गतीच्या टेपवर लावली की गाणं चढं आणि जलद ऐकू येतं. गतीत सहा टक्के फरक म्हणजे अर्धा स्वर. म्हणजे पांढरी सहाची वाटणारी भैरवी प्रत्यक्षात काळी चारमधलीच असू शकते. फितीच्या सुरुवातीचा आणि शेवटचा षड्ज (सा) पेटीवर ताडून बघा. पेटी एकच होती, तेव्हा सूरही एकच हवा. शेवटचा चढा निघाला तर सेल उतरत होते, तरुणपण चढत नव्हतं.

आता पखवाज. तो काळी चारला जुळलेला असतो. वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे सैल करून काळी तीनपर्यंत येईल. त्याखाली ओढाल तर शाईची पुडी (उजव्या तोंडाचं कातडं) ढिली पडते, 'ता' या बोलाची आस म्हणजे गुंज जाते आणि डबा बडवल्यासारखा आवाज येतो. काळी तीनमध्ये बुवांचं भागत असेल तर उत्तमच. बहुतेकांचं भागत नाही, मग थोडंसंच आणखी खाली म्हणून तिच्या खालोखालची पांढरी चार किंवा पांढरी तीन धरली जाते. काळी तीन आणि काळी दोन यांच्या मधली ही जागा सगळ्यात वाईट. न उतरवलेला, काळी चारचाच पखवाज पांढरी चारच्या षड्जाला कोमल गंधार (ग) लागतो, आणि पांढरी तीनला शुद्ध गंधार. भैरवीचा गंधार कोमल, तिथे डाव्या कानाशी सतत शुद्ध गंधार वाजत राहिला की गायकाचा सूर हलतोच, आणि दोष मात्र वयाला दिला जातो.

त्यापेक्षा सरळ काळी दोनवर या. पखवाजाला हात लावायची गरज नाही, तो आहे तिथेच मध्यमात (म) जुळलेला सापडतो. काळी एकवर आलात तर तोच पंचम होतो. भैरवीत मध्यम आणि पंचम दोन्ही असल्यामुळे दोन्ही चालतात. भूप रागातला अभंग असेल तर मात्र मध्यम वर्ज्य, तेव्हा काळी एक हीच घ्यावी लागेल. एरवी माझा कौल काळी दोनला, कारण काळी एकमध्ये मंद्रातल्या, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, ओळी झांजेखाली बुडून जातात. तरीही एखादी ओळ फार खाली गेलीच तर ती झीलकऱ्यांनी वरच्या सप्तकात उचलावी. रुंद तोंडाचा, खाली बोलणारा दुसरा पखवाज शेजारच्या वाडीत मिळत असेल तर मधल्या पट्ट्याही मोकळ्या होतात, पण ऐन गणपतीत कोण देणार?

पेटीवाल्याने पट्टी बदलायला कुरकुर करू नये. भैरवीत काळी चारला सा, म, प, नि काळ्यांवर आणि रे, ग, ध पांढऱ्यांवर असतात. काळी दोनला फरक एकाच सुराचा, गंधार काळ्यावर जातो. काळी एकलाही एकाचाच, तिथे निषाद पांढऱ्यावर येतो. चाळीस वर्षांची बोटांची सवय चार संध्याकाळींत वळते. त्यासाठी पट्ट्या सरकवून सूर बदलणारी जड स्केल चेंजर पेटी आणायचं कारण नाही. (आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली आणि १९७१ मध्ये ती सैल केली. कोकणातल्या भजनाला तिचं सोयरसुतक नव्हतं.)

लयीबद्दल सगळीकडे एकच चूक दिसते. म्हातारी माणसं म्हणून ठेका संथ करतात. गणित उलटं आहे. आठ मात्रांची दोन आवर्तनं एका दमात घ्यायची तर मिनिटाला १०० मात्रांच्या लयीत साडेनऊ सेकंद दम लागतो, ८० च्या लयीत १२. संथ केलं की दम आणखी तुटतो. तेव्हा सुरुवातीची लय पूर्वीचीच ठेवा, कात्री शेवटच्या दुगुणीला, म्हणजे दुप्पट लयीला, लावा. तिथे पखवाजीचं मनगट आणि झीलकऱ्यांची जीभ दोन्ही अडखळतात. मोठ्या अभंगाचे चरण सहा, सहा, सहा, चार अक्षरांचे असतात. दम दुसऱ्या चरणानंतर घ्यायचा, यमक तिथे टेकतं म्हणून तो लपून जातो. शब्दाच्या मध्ये घेतलेला लपत नाही. कुणी कुठे श्वास घ्यायचा ते वहीत खुणा करून ठरवा, म्हणजे सगळे एकाच वेळी गप्प होत नाहीत.

मुंबईकर आणि गाववाले एकत्र तालीम करू शकत नसतील तर व्हिडिओ कॉलवर एकत्र गाण्याचा खटाटोप नको, आवाज उशिरा पोचतो आणि लय फाटते. काळी दोनचा तानपुरा आणि ठेका भरून सगळ्यांना पाठवा, ज्याने त्याने त्यावर गावं. श्रवणयंत्र लावणाऱ्याला झांजेजवळ बसवू नका. झांजाही सहाच्या दोन करा.

राहता राहिली पावसाळी हवा. पेटीचे सूर फुगून अडकले तर घासू नका, हवा कोरडी झाली की बसतात. आदल्या रात्री पेटी आणि पखवाज बंद खोलीत ४० वॉटच्या पिवळ्या बल्बपासून हातभर लांब ठेवा. एलईडीचा उपयोग नाही, त्याला ऊब नसते. चुलीजवळ किंवा उन्हात ठेवलात तर पुडी फाटेल. पेटीचा एखादाच सूर मुका असेल तर उघडून बघा, कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं असू शकतं. पखवाजाला जुळवून झाल्यावर पंख्याखाली ठेवू नका, धुमेची, म्हणजे डाव्या तोंडावर लावलेली, कणीक सुकून चिरते. आणि भैरवी संपली की ती कणीक तिथल्या तिथे खरवडून ओल्या फडक्याने पुडी पुसून घ्या. प्रसाद खाऊन मग बघू म्हटलंत तर मुंग्या लागतात, आणि रात्रभर राहिली तर उंदीर कणकेबरोबर पुडीही खातो.