नागपुरात एक दिवस थांबणाऱ्या पाहुण्यांसाठी

आमचे गाव उमरेड तालुक्यात असल्यामुळे मुंबई-पुण्याकडून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आमच्यापर्यंत येण्यासाठी आधी नागपूरला उतरावे लागते. बहुतेक जण रेल्वे स्थानकावरून थेट गणेशपेठचे बसस्थानक गाठून उमरेडची गाडी धरतात आणि परतताना संत्रा बर्फीचा डबा घेतला की आपले नागपूर झाले असे समजतात. आमच्याकडे येणाऱ्या सर्वांना मी एकच गोष्ट आग्रहाने सांगतो : जाता-येता एक पूर्ण दिवस या शहरासाठी राखून ठेवा आणि तो दिवस उन्हाच्या हिशेबाने आखा.

उन्हाचा हा हिशेब बाहेरच्या माणसाला लवकर पटत नाही. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि सकाळी अकरानंतर रस्त्यावर हिंडणे हे धाडस नसून अविचार ठरतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. मात्र डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन असते, तेव्हा राहण्याच्या खोल्या आधीच ठरवाव्यात. दसऱ्याच्या सुमारास धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी देशभरातून लाखो लोक येतात. तो सोहळा पाहण्याची इच्छा असेल तर अवश्य त्याच दिवशी यावे, परंतु मग त्या दिवशी दुसरे काही पाहण्याचा विचार करू नये.

विदर्भ एक्स्प्रेसने येणारा पाहुणा सकाळीच पोहोचतो, त्यामुळे त्याची सुरुवात तर्री पोह्यांनी व्हायला हवी. पोह्यांवर हरभऱ्याचा पातळ, लालभडक तवंगाचा गरम रस्सा ओततात, वर कच्चा कांदा आणि चिवडा किंवा शेव घालतात. पुण्याच्या पाहुण्यांना पोह्यांवर रस्सा ही कल्पनाच सुरुवातीला विचित्र वाटते, परंतु दुसरी प्लेट मागवणारेही तेच असतात. ज्या गाडीभोवती कार्यालयात जाणारी माणसे उभ्याने खात असतील ती गाडी निवडावी आणि पहिल्या वेळी तर्री वेगळ्या वाटीत मागावी. उशिरा गेल्यास तळाशी उरलेले कोरडे पोहे मिळतात.

पोटात काही गेल्यावर, ऊन चढण्याच्या आत दीक्षाभूमी पाहावी. 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लाखो अनुयायांसह येथे बौद्ध धम्म स्वीकारला. सांचीच्या स्तूपाची आठवण करून देणारा आजचा भव्य स्तूप आतून पोकळ असून त्याच्या आतल्या गारव्यात शांत बसता येते. आवारात श्रीलंकेतील अनुराधापुरहून आणलेल्या रोपाचा बोधिवृक्षही आहे. येथे घाईने छायाचित्रे काढून निघून जाणाऱ्यांना मी बरोबर नेत नाही, हे स्पष्टच सांगतो.

दुपारच्या वेळेसाठी छताखालच्या जागा ठेवाव्यात. 1863 साली सुरू झालेले मध्यवर्ती संग्रहालय लोकांच्या तोंडी अजब बंगला म्हणूनच आहे, आणि सोमवारी ते बंद असते. त्याहून मला जवळचे वाटते ते मोतीबागेतील नॅरोगेज रेल्वे संग्रहालय. इतवारीहून उमरेड, भिवापूरमार्गे नागभीडला जाणारी छोटी गाडी 2019 साली रुंदीकरणासाठी बंद झाली. भाजीच्या टोपल्या, दुधाचे कॅन आणि शाळकरी मुले यांनी भरलेली ती गाडी आमच्या भागातल्या दोन-तीन पिढ्यांनी वापरली, त्यामुळे लहान मुलांसह येणाऱ्या पाहुण्यांना मी तेथे आवर्जून पाठवतो.

सीताबर्डीचा किल्ला मात्र सैन्याच्या ताब्यात आहे आणि तो साधारणपणे 26 जानेवारी, 1 मे व 15 ऑगस्ट या दिवशीच लोकांना पाहता येतो. इतर दिवशी दारापर्यंत जाण्यात अर्थ नाही. झिरो माइलचा, म्हणजे इंग्रजांच्या काळी अंतरे मोजण्यासाठी ठरवलेल्या बिंदूचा, चार घोड्यांचा स्तंभ मेट्रोने जाता-येता पाहून होतो. मेट्रोच्या दोन्ही मार्गिका सीताबर्डीला एकमेकींना मिळतात, हे लक्षात ठेवले की शहर बरेच सोपे होते.

आता सावजीविषयी थोडे सविस्तर. हे जेवण हलबा कोष्टी विणकरांच्या घरांतून खानावळींत आले. पूर्वी ते जवसाच्या तेलात करीत. मसाला काळपट, भाजून वाटलेला आणि तिखटाचा हात सैल असतो. पण नुसता तिखटपणा म्हणजे सावजी नव्हे. चांगल्या रश्शात आधी मसाल्याचा वास येतो आणि तिखट नंतर कळते. जेथे पहिल्या घासालाच डोळ्यांत पाणी येते तेथे मिरची स्वस्त आणि मसाला महाग पडलेला असतो. मांसाहार न करणाऱ्यांनी निराश होऊ नये, कारण पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा रस्सा आणि डाळकांदा हे पदार्थ मटणाच्या तोडीचे असतात. सोबत ज्वारीची भाकरी, कांदा व लिंबू घ्यावे. उन्हाळ्यात सावजी रात्रीच खावे, दुपारी कधीही नाही. काही खानावळींत बसण्याची व्यवस्था कुटुंबासाठी योग्य नसते, म्हणून बायकामुले बरोबर असल्यास आधी चौकशी करावी.

पिण्यासाठी उन्हाळ्यात ताक आणि कैरीचे पन्हे यांना पर्याय नाही. संत्र्यांचे म्हणाल तर आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या झाडांची फळे दिवाळीच्या मागेपुढे आणि मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणाऱ्यांची, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येतात. मृगाचे फळ अधिक गोड, असे आमच्याकडे मानतात आणि माझेही मत तेच आहे. मे-जूनमध्ये येऊन ताज्या नागपुरी संत्र्यांचा हट्ट धरणाऱ्या नातेवाइकांना मी बर्फीवर समाधान मानायला सांगतो. ती बर्फी ओलसर असते, त्यामुळे ती निघण्याच्या दिवशीच घ्यावी आणि घरी पोहोचताच संपवावी.

संध्याकाळी फुटाळा तलावाच्या काठावर भाजलेले कणीस खात बसावे, एवढे पुरे. रामटेक या दिवसात कोंबू नये. गडावरची मंदिरे, वाकाटककालीन अवशेष आणि कालिदासाचे स्मारक यांसाठी वेगळी सकाळ काढावी लागते, आणि ती आमच्या घरी मुक्काम केल्यावर काढता येते. उमरेडच्या शेवटच्या गाडीची वेळ गणेशपेठला उतरल्याबरोबर विचारून घ्यावी, कारण ती गाडी चुकली तर रात्री आम्हाला मोटारसायकल घेऊन यावे लागते.