पिकअपला पिकअप नाही, आणि आयडलिंग काही खाली येत नाही

जुन्या पेट्रोल पिकअपबद्दलच्या तक्रारीत हे जोडपं वारंवार दिसतं. गाडी उभी असताना इंजिन १३००-१५०० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) गुरगुरत असतं आणि ॲक्सिलरेटर दाबला की अंगात जीव नसल्यासारखी सरकते. दोन लक्षणं एकत्र दिसली की माणूस लगेच एकच बिघडलेला पार्ट शोधू लागतो. कधी तो असतोही, पण बऱ्याचदा दोष दोन असतात. हात फिरलेल्या गाडीत तिसरीही शक्यता असते : आधीच्या मालकाने केलेला ‘उपाय’ हाच आताचा बिघाड असतो. (डिझेलचं गणित वेगळं आहे, ते इथे नाही.)

आधी नॉर्मल काय ते पक्कं करू. बहुतेक पेट्रोल इंजिनं पूर्ण गरम झाल्यावर ६५० ते ८५० आरपीएमवर बसतात. नेमका आकडा बऱ्याच गाड्यांत बॉनेटखालच्या स्टिकरवर असतो. थंड इंजिन सुरू केल्यावर थोडा वेळ १२००-१५०० दिसलं तर तो दोष नव्हे. गरम झाल्यावरही खाली येत नसेल तर कुठून तरी जास्तीची हवा आत जातेय, कारण पेट्रोल इंजिनाचा वेग हवेवर ठरतो. नुसतं पेट्रोल वाढवलं तर धूर वाढेल, आरपीएम नाही.

फुकटच्या तपासण्या आधी. इंजिन बंद ठेवून कुणाला तरी पेडल तळापर्यंत दाबायला सांगा आणि थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेची, चकती पूर्ण उघडते का ते बघा. जाड मॅट पेडलखाली अडकली असेल किंवा केबल ढिली पडली असेल तर चकती पाऊणच उघडते, आणि लोक इंधनपंप बदलत बसतात. उलट केबल अति ताणलेली असेल, किंवा क्रूझ कंट्रोलची दुसरी केबल अडकत असेल, तर चकती पूर्ण मिटत नाही. पेडल सोडल्यावर केबलला दोन-तीन मिलिमीटर ढील हवी.

मग थ्रॉटलच्या स्टॉप स्क्रूकडे बघा, म्हणजे चकती कुठवर मिटायची ते ठरवणाऱ्या स्क्रूकडे. कंपनी तो बसवून त्यावर रंग किंवा सीलंट लावते. ते तुटलेलं असेल, स्क्रूच्या डोक्यावर पान्याचे ताजे ओरखडे असतील, तर कुणीतरी तो फिरवला आहे. कारण बहुधा हेच : थ्रॉटल बॉडीत काजळी साचली, गाडी सिग्नलला बंद पडू लागली, साफ करण्याऐवजी स्क्रू दोन फेरे आत घातला. गाडी बंद पडायची थांबली आणि विकलीही गेली. पण आता थ्रॉटल सेन्सरला (चकती किती उघडी आहे ते कॉम्प्युटरला सांगणारा) चकती कधीच मिटलेली दिसत नाही, त्यामुळे बऱ्याच गाड्यांत कॉम्प्युटर आयडलिंगच्या हिशोबात शिरतच नाही. बहुतेक सेन्सर मिटलेल्या चकतीला ०.५ व्होल्टच्या आसपास आणि पूर्ण उघडीला ४ ते ४.७ व्होल्ट देतात. चावी ऑन, इंजिन बंद, पेडल अगदी हळू दाबत मीटर बघा : व्होल्टेज सलग चढलं पाहिजे. मध्येच एकदम पडलं तर सेन्सरचा ट्रॅक झिजलाय, आणि गाडी नेमकी त्याच जागी अडखळते. स्क्रू परत घेण्याआधी चकती आणि भोक साफ करा, मग चकती भोकात घासणार नाही इतपतच स्क्रू ठेवा, आणि शेवटी सेन्सरचं व्होल्टेज जुळवा. क्रम उलटा केला तर सगळं पुन्हा करावं लागेल.

केबल नसलेल्या, इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या गाडीत मात्र दोन्ही लक्षणांचं एकच उत्तर असू शकतं. पेडलच्या किंवा थ्रॉटलच्या सेन्सरवर कॉम्प्युटरचा विश्वास उडाला की तो मोटरची वीज तोडतो. स्प्रिंग चकतीला किंचित उघड्या जागी आणून ठेवते. आयडलिंग वाढतं, आणि पेडल कितीही दाबलं तरी गाडी जेमतेम घरी पोचण्यापुरती चालते. इथे स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र) लावल्याशिवाय हात घालू नका, आणि चावी ऑन असताना ती चकती बोटाने ढकलू नका. आतले प्लास्टिकचे गिअर जातात, बोटही चेमटतं.

आता खरा विषय, म्हणजे गाडी ‘एअर घेतेय’ का. संशयित जागा या : ब्रेक बूस्टरचा (ब्रेक हलका करणारा डबा) होज, पीसीव्हीचा (इंजिनातल्या वाफा परत आत ओढणारा व्हॉल्व्ह) होज, टाकीच्या वाफा ओढणारा पर्ज व्हॉल्व्ह, इनटेक मॅनिफोल्डचं (सिलिंडरांना हवा वाटणारी नळी) पॅकिंग. रबर उष्णतेने कडक होतं आणि कोपरात, खालच्या बाजूने तडकतं, वरून ठणठणीत दिसतं. गरम इंजिन चालू ठेवून होज एकेक करून पकडीने हळूच दाबा. पकडीच्या दातांवर कापड गुंडाळा. एखादा दाबल्यावर आयडलिंग धाडकन उतरलं तर त्याच्या पुढे गळती आहे. बूस्टरचा होज दाबल्यावर उतरलं आणि ब्रेक पेडलही कडक लागत असेल, तर बूस्टरचा पडदा फाटलाय. त्या गाडीचं पिकअप नंतर बघू, आधी ब्रेक. पीसीव्हीतून थोडी हवा जाणं नॉर्मल आहे, त्यामुळे तिथे किरकोळ फरकाला भुलू नका. पॅकिंगवर कार्ब क्लीनर फवारून आरपीएमचा बदल ऐकायची जुनी रीत चालते, पण गरम सायलेन्सर मॅनिफोल्ड आणि गळकी प्लग वायर शेजारी असताना ती आगीला आमंत्रण आहे. धूर सोडून तपासणी करून घेणं बरं, एक पीएसआयपेक्षा (दाबाचं एकक) कमी दाबाने.

इथे एक गोष्ट अनुभवी हातही विसरतात. हवा मोजायच्या दोन पद्धती आहेत. ज्या इंजिनात मॅनिफोल्डचा दाब मोजणारा मॅप सेन्सर आहे, तिथे गळतीची हवाही दाबात दिसते. कॉम्प्युटर तिच्यापुरतं पेट्रोल देतो आणि इंजिन मजेत जास्त आरपीएमवर फिरतं. फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटरने पेट्रोलात केलेली टक्केवारीतली वाढ-घट) शून्याजवळ, कोड (कॉम्प्युटरने नोंदलेला बिघाडाचा क्रमांक) नाही, आणि तरी गळती आहे. मॅफ सेन्सरच्या (थ्रॉटलच्या आधी आत येणारी हवा मोजणारा) इंजिनात ती गळतीची हवा मोजलीच जात नाही. मिश्रण पातळ होतं, आयडलिंग वरखाली झोके घेतं, पेडल दाबताच क्षणभर खड्ड्यात पडल्यासारखं वाटतं. मॅफ आणि थ्रॉटलमधली रबरी नळी तर फारच फसवी : इंजिन जोर घेताना माउंटवर कलतं आणि तेव्हाच तडा उघडतो.

म्हणून मॅफच्या गाडीत स्कॅनरवर ट्रिम दोन ठिकाणी बघा. आयडलिंगला शॉर्ट (त्या क्षणाची) आणि लाँग (शिकून ठेवलेली) ट्रिमची बेरीज अधिक १५-२० टक्के आणि २५०० आरपीएमला जवळपास शून्य, तर मॅनिफोल्डची गळती. उलट, आयडलिंगला ठीक आणि जोर पडताच ट्रिम चढत गेली, तर इंधन कमी पडतंय किंवा मॅफ मळलाय. तेल लावायच्या एअर फिल्टरचं तेल मॅफच्या तारेवर बसतं आणि तो हवा कमी मोजतो. तो फक्त मॅफ क्लीनरनेच धुवा, तारेला ब्रश किंवा कापूस लावू नका.

गळती नाही आणि केबलही बरोबर आहे, तर कूलंटच्या तापमानाचा सेन्सर. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी स्कॅनरवर कूलंट आणि इनटेक हवेचं तापमान चार-पाच अंशांच्या आत जुळलं पाहिजे. उणे ४० दाखवत असेल तर वायर किंवा कनेक्टर तुटलाय. कॉम्प्युटर इंजिन बर्फात आहे असं समजून आयडलिंग चढवतो आणि पेट्रोल ओततो. गाडी जड होते, प्लग काळे पडतात. कूलंट कमी असेल आणि सेन्सर हवेच्या बुडबुड्यात लोंबत असेल तरी हेच होतं. त्यामुळे सेन्सर विकत घेण्याआधी रेडिएटर भरा, अर्थात थंड असताना. आयडल व्हॉल्व्ह (आयडलिंगसाठी चकतीला वळसा घालून हवा सोडणारा) काजळीने उघडा अडकणंही नेहमीचं; काढून धुतला की बहुतेकदा सुटतो.

आयडलिंग सुधारलं आणि तरी पिकअप नाही, तर तो दुसरा दोष. इनटेक मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज (आतली ओढ मोजणारा काटा) लावा. समुद्रसपाटीजवळ धडधाकट इंजिन १७ ते २१ इंच पारा स्थिर दाखवतं, दर हजार फूट उंचीला साधारण एक इंच कमी. २५०० आरपीएमवर धरून ठेवा : काटा हळूहळू खाली सरकत गेला तर सायलेन्सरची वाट चोक आहे, बहुधा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा डबा). पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात दाब मोजला आणि २५०० ला तीन पीएसआयच्या वर गेला, तर शंका उरत नाही. इंधनाचा दाब मात्र उभ्या गाडीत मोजून समाधान मानू नका, तो जोर पडल्यावर पडतो का हे बघायचं. इंधनाच्या दाबाच्या रेग्युलेटरचा व्हॅक्यूम होज काढल्यावर आत पेट्रोलचा ओलावा दिसला तर पडदा फाटलाय.

पिकअपमध्ये आणखी एक असतं. टायरवरचा साइझ दाराच्या चौकटीतल्या स्टिकरशी जुळवा. हौसेने मोठे टायर घातलेले असतील तर गिअरिंग उंच होतं आणि गाडी जड वाटते, बिघाड काहीच नसतो. आरपीएम चढतात पण वेग चढत नाही, तर क्लच घसरतोय.

स्कॅनरवर एकही कोड नाही म्हणून हुरळू नका. रेडिनेस मॉनिटर (कॉम्प्युटरच्या स्वतःच्या तपासण्या) ‘अपूर्ण’ दिसत असतील तर कोड नुकतेच पुसलेत. दोन-तीन दिवस चालवून पुन्हा बघा. पी०५०७ म्हणजे आयडलिंग जास्त, पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ.

दुरुस्तीनंतर कॉम्प्युटरला आयडलिंग पुन्हा शिकावं लागतं. इंजिन पूर्ण गरम करून, एसी-दिवे बंद ठेवून दहा मिनिटं उभी चालू द्या. काही गाड्यांना स्कॅनरवरून रीसेट लागतो. पहिले दोन-तीन दिवस आरपीएमचा काटा थोडा इकडेतिकडे झाला तरी थ्रॉटलच्या त्या स्टॉप स्क्रूला हात लावू नका.